होंडाची जुनी तीनचाकी: दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

माझ्याकडे १९८४ सालची होंडा एटीसी ११० आहे. रस्त्यावर न चालणारी, माती, वाळू आणि बर्फासाठी बनवलेली, मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची ही तीनचाकी मी मिशिगनमध्ये बंद अवस्थेत विकत घेतली, गराजमध्ये पूर्ण खोलून पुन्हा उभी केली आणि त्यानंतर एक हिवाळा व एक उन्हाळा नियमित वापरली. डेट्रॉइटच्या आसपास वाहनउद्योगात काम करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना अशा जुन्या यंत्रांचा मोह पडतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा खटाटोप परवडतो का? माझे उत्तर असे आहे की पैशाच्या हिशेबात तो जवळजवळ कधीच परवडत नाही. वापराच्या हिशेबात मात्र तो परवडू शकतो, आणि ते बहुतांशी गाडी विकत घेण्यापूर्वीच ठरून जाते.

या गाड्यांचा जन्म कसा झाला हे माहीत असले तर त्यांच्या मर्यादा लवकर समजतात. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकता येईल असे काहीतरी द्या, अशी होंडाच्या अमेरिकेतील विक्रेत्यांची मागणी होती. ओसामु ताकेउची या अभियंत्याने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे १९७० ची यूएस ९०. सात अश्वशक्तीचे छोटे चारस्ट्रोक इंजिन, तीन फुगीर टायर आणि ५९५ डॉलर किंमत. तिचेच नाव पुढे एटीसी ९० झाले आणि १९७९ मध्ये ११० आली. या गाडीला ना पुढे शॉकअॅब्झॉर्बर आहेत ना मागे. जे काही धक्के शोषले जातात ते टायर शोषतात, आणि म्हणूनच त्यांत हवा जेमतेम २.२ पीएसआय भरायची असते. पेट्रोल पंपावरचा हवेचा गेज एवढा कमी दाब नीट दाखवत नाही, त्यामुळे कमी दाबाचा वेगळा गेज ही मी घेतलेली पहिली वस्तू होती.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. अपघातांच्या वाढत्या संख्येमुळे अमेरिकन सरकारने कारवाई केली आणि १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलॅरिस या पाच कंपन्यांनी न्यायालयीन समझोत्याद्वारे नव्या तीनचाकींची विक्री थांबवण्याचे मान्य केले. तो समझोता दहा वर्षांचा होता. पुढे २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने नव्या तीनचाकींची आयात व विक्री रोखली. जुनी गाडी बाळगणे, विकणे किंवा चालवणे यांपैकी कशावरही यामुळे बंदी आली नाही. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर चालवायची असेल तर ओआरव्ही (रस्त्याबाहेर चालणारे वाहन) परवान्याचा स्टिकर लागतो आणि हेल्मेट सक्तीचे आहे. सोळा वर्षांखालील मुलांना तीनचाकी चालवण्याची परवानगीच नाही. अनेक जण ‘मुलासाठी छोटी गाडी’ म्हणून ११० शोधतात. त्यांनी हा विचार इथेच सोडून द्यावा.

आता खरेदीबद्दल. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी एक चालू होती. एका ओढीत सुरू होत असे आणि विकणारा तेवढेच पुन्हा पुन्हा दाखवत होता. परंतु तिचे मागचे मडगार्ड नव्हते, कार्ब्युरेटर भलत्याच कंपनीचा होता, पायदानाजवळ चासीला ओबडधोबड वेल्डिंग केलेले होते आणि वायरिंगला चिकटपट्टीचे वेटोळे होते. मी घेतली ती गाडी शेताच्या कोठारात कित्येक वर्षे उभी होती, इंजिन जाम होते, पण एकही मूळ भाग गहाळ नव्हता. बंद पण पूर्ण गाडी ही चालू पण तुकड्यातुकड्यांच्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची असते, असे माझे ठाम मत आहे. इंजिनाचे बहुतेक भाग आजही मिळतात किंवा यंत्रशाळेत करून घेता येतात. दिव्याची चौकट, साखळीचे आवरण, मडगार्डचे कंस असल्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू शोधताना मात्र महिने जातात आणि प्रत्येकीचे शिपिंग वेगळे पडते.

पाहणी करताना इंजिनाआधी मागच्या एक्सलकडे वळावे. ब्रेक दाबून धरा आणि मागचे चाक पुढेमागे हलवा. चाक हलते पण एक्सल हलत नाही असे दिसले तर हबमधील दाते झिजलेले आहेत. गाडी वरखाली हलवताना एक्सलमध्येच खेळ जाणवला तर बेअरिंग गेली आहेत. बेअरिंग स्वस्त आहेत, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहिलेला मालक एक्सलही झिजवून ठेवतो. त्यानंतर चासीवर हात फिरवून पायदानांचे सांधे, हँडलचा गळा आणि मागचा भाग यांवर तडे शोधावेत. रंगाखाली बारीक गंजाची रेघ दिसली की ती बहुधा तडाच असते. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे, मात्र थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा कमी आला म्हणून लगेच रिबोअरचा, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करण्याचा, खर्च मनात धरू नये. आधी व्हॉल्व्हचे क्लिअरन्स तपासावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. तेल घातल्यावर आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर.

माझ्या गाडीचा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊन बसलेला होता. डिझेल व ट्रान्समिशन ऑइलचे मिश्रण प्लगच्या भोकातून सोडून अनेक दिवस तसेच ठेवले आणि मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने पुढेमागे केले, तेव्हा तो सुटला. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची कडी उमटलेली होती, त्यामुळे ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन घालून रिबोअर करावे लागले. हा आडवा सिलिंडर समोर घेऊन बसलो तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले, कारण आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चे इंजिनही याच घराण्यातले, असेच पुढे आडवे झोपलेले. तेल गाळण्याची पद्धतही तीच: कागदी फिल्टर नाही, एक जाळी आणि केंद्रोत्सारी बलाने गाळ भिंतीला चिकटवणारा फिरता डबा. तो डबा उघडल्यावर आत सुकलेल्या चिखलासारखा काळा थर निघाला, जो मला नखाने खरवडावा लागला. तो तिथेच ठेवून नवा पिस्टन घातला असता तर सगळा खर्च वाया गेला असता.

एक सूचना मी प्रत्येकाला करतो: साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर या गाडीला लावू नका. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे असतात आणि फिलिप्सचे टोक त्यांत नीट बसत नाही. ते वर सरकते आणि डोके गोल करून टाकते. जेआयएसचा संच फार महाग नाही. तो आणि हातोडीने ठोकून वापरायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर जवळ असला, तर इंजिनाची बाजूची झाकणे एकही आटा न जाता उघडतात. तेलाच्या बाबतीत मोटारगाडीचे ‘इंधन वाचवणारे’ तेल टाळावे, कारण क्लच त्याच तेलात बुडलेला असतो आणि तो घसरू लागतो. मोटारसायकलसाठीचे, जेएएसओ एमए दर्जाचे (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारे) तेल घालावे.

खर्चाचा ढोबळ अंदाज असा. गाडी सुमारे ५०० डॉलरला मिळाली. २२ × ११ – ८ मापाचे तीन टायर ३०० च्या आसपास, पिस्टन, रिबोअर, गॅस्केट व सील मिळून ३५० च्या आसपास, एक्सलची बेअरिंग व ब्रेक २००, आणि केबल, सीटचे कव्हर, कार्ब्युरेटरचा संच, प्लग व रंग यांत आणखी दीडदोनशे गेले. म्हणजे एकूण पंधराशेच्या थोडे वर, आणि यात माझ्या श्रमाची किंमत शून्य धरलेली आहे. जवळपास तेवढ्याच पैशांत मला बऱ्या अवस्थेतली चालू ११० मिळू शकली असती. मूळ कंपनीचे न वापरलेले मडगार्ड वा टाकीची चिन्हे हवी असतील, तर हा आकडा सहज दुप्पट होईल आणि विकताना त्यातला फारसा भाग परत येणार नाही. माझे लाल मडगार्ड उन्हाने गुलाबी पडले आहेत. गरम हवेच्या बंदुकीने रंग थोडा परत येतो, पण काही महिन्यांत पुन्हा फिका होतो. मी तो नाद सोडला. ते मूळचे आहेत आणि फुटलेले नाहीत, एवढे मला पुरते.

चालवण्याचा अनुभव अर्थातच वेगळ्या प्रकारचा आहे. मागचा एक्सल सलग आहे, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नाही, त्यामुळे हँडल वळवले तरी गाडी आधी सरळच जायला पाहते. वळताना बाहेरच्या पायदानावर वजन टाकून शरीर आतल्या बाजूला झुकवावे लागते, म्हणजे आतले मागचे चाक हलके होऊन घसरते आणि गाडी वळते. हे जमेपर्यंत वेग कमी ठेवणे हाच शहाणपणा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोल गेल्यासारखा वाटला तरी पाय जमिनीवर टेकवू नये. मोटारसायकल चालवणाऱ्याचा पाय आपसूक खाली जातो, आणि इथे मागचे रुंद चाक नेमके त्या पायावर चढते. मी आजही घोटा झाकणारे जाड बूट घातल्याशिवाय बसत नाही. चढावर पुढचे चाक उचलले जाते, म्हणून तीव्र चढ मी टाळतो, आणि उतारावर आडवे जात नाही.

बर्फात मात्र ही गाडी आपला जन्म सार्थ करते. फुगीर टायर घोटाभर बर्फावर तरंगल्यासारखे चालतात, हाताने दाबावा न लागणाऱ्या सेंट्रिफ्यूगल क्लचमुळे हातमोजे घालूनही गिअर बदलणे सोपे जाते आणि दोरी ओढून सुरू होत असल्यामुळे थंडीत बॅटरीची चिंता नसते. ओळखीच्या एका कुटुंबाच्या शेतावर मी सरपणाची छोटी घसरगाडी हिच्यामागे बांधून नेतो. कडक, खडबडीत जमिनीवर तीच गाडी चेंडूसारखी उसळते आणि तासाभरात कंबर बोलू लागते. लांबच्या फेरीसाठी ती नाही.

देखभाल फार नाही, पण विसरून चालत नाही. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचे केसाएवढे भोक त्यामुळे बुजते. मी इथेनॉलविरहित पेट्रोल भरतो आणि ठेवताना नळ बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतो, त्यानंतर हा त्रास झालेला नाही. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरण्याची खोड अजून पूर्ण गेलेली नाही. सील नवे आहे, पण खोल चिखलातून आल्यावर ब्रेक काही अंतर ओलाच राहतो.

गेल्या महिन्यात एका परिचिताने अशाच गाडीचे फोटो पाठवून सल्ला विचारला. रंग नवा कोरा, टायर चकचकीत, किंमत माझ्या एकूण खर्चापेक्षा बरीच कमी. मात्र इंजिन दुसऱ्याच गाडीचे बसवलेले होते, चासीवरचा क्रमांक रंगाच्या जाड थराखाली वाचता येत नव्हता आणि मालकीचा कागद नव्हता. क्रमांक घासून दाखवायला विक्रेता तयार नव्हता, म्हणून मी परिचिताला ती घेऊ नकोस असे सांगितले. तो आता ओहायोतली एक बंद पडलेली एटीसी १८५ ही होंडाचीच तीनचाकी पाहायला जाणार आहे. इंजिन जाम आहे, पण मडगार्ड, दिवा आणि कागदपत्रे सगळे जागेवर आहे. कमी दाबाचा गेज आणि जेआयएसचा संच मी त्याला बरोबर दिला आहे.