आसिया जेबार : आधी 'फँटेशिया' की आधी कथा?

फ्रेंचमधून लिहिणाऱ्या अल्जीरियन लेखिका आसिया जेबार वाचायच्या ठरवल्या की इंग्रजी अनुवादात दोन पुस्तकं हटकून सुचवली जातात. 'फँटेशिया' ही कादंबरी (मूळ फ्रेंच १९८५) आणि 'विमेन ऑफ अल्जीयर्स इन देअर अपार्टमेंट' हा कथासंग्रह (१९८०). लहान आहेत म्हणून कथांपासून सुरुवात करावी, असं कुणालाही वाटेल. माझं मत उलटं आहे.

'फँटेशिया'च्या सुरुवातीलाच वडिलांचं बोट धरून शाळेत निघालेली एक अरब मुलगी दिसते. या स्वतः जेबारच. जन्म १९३६, अल्जीरियातल्या शेर्शेलचा. खरं नाव फातिमा-झोहरा इमालायेन. वडील फ्रेंच शिकवायचे, त्यामुळे मुलगी पडद्यातून सुटली आणि थेट राज्यकर्त्यांच्या भाषेत जाऊन पडली. हा पेच पुस्तकभर पुरतो. एक प्रकरण बालपणाचं, तर पुढचं १८३० साली फ्रेंचांनी अल्जीयर्स घेतलं त्याचं. १८४५ मध्ये फ्रेंच कर्नल पेलिसिएने दाहरा डोंगरातल्या गुहांच्या तोंडाशी आग लावून उलाद रियाह जमातीची माणसं, बायका-पोरं, गुरं धुरात गुदमरवून मारली. हे त्याने अहवालात नीट लिहून ठेवलं, म्हणून जेबार त्याचे जवळजवळ आभार मानतात! नंतर दुसऱ्या एका अधिकाऱ्याने तेच केलं, पण गाजावाजा होऊ दिला नाही. मारेकऱ्याच्याच कागदातून मेलेल्यांपर्यंत पोचायचं, ही त्यांची रीत इथे जशी भिडते तशी दुसरीकडे नाही. काळ मागेपुढे उड्या मारतो, पहिली पन्नासेक पानं नेट लावून वाचावी लागतात, हे खरं.

कथासंग्रहाचं नाव फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाच्या १८३४ च्या चित्रावरून घेतलेलं. शीर्षककथेतली सारा बायकांची जुनी गाणी उतरवून घेते. हमामात पाणी वाहणारी म्हातारी घसरून पडते, आणि तिच्या तोंडून तिचं अख्खं आयुष्य बाहेर येतं. कथा सुरेख आहे. बाकीच्या सगळ्या तेवढ्या ताकदीच्या नाहीत. अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर निम्मं हातातून निसटतं. शेवटचा चित्रावरचा लेख मात्र चुकवू नका.

म्हणजे वेळ असेल तर 'फँटेशिया' आधी. एकच रविवार हाताशी असेल तर शीर्षककथा आणि तो लेख, बस्स. २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेवर, निवडून आलेल्या त्या पहिल्या मगरेबी (वायव्य आफ्रिकेतल्या) लेखिका. पण तेवढ्यासाठी वाचायला घेणार असाल तर दोन्ही राहू द्या. आणि नव्वदच्या दशकात अल्जीरियातल्या यादवीत मारल्या गेलेल्या मित्रांवरचं 'अल्जीरियन व्हाइट' इतक्यात नको. त्यातली माणसं ओळखीची वाटायला आधी एवढं वाचून झालेलं हवं.