‘मास्टर टेपवरून’ म्हणून विकलेली रेकॉर्ड, आणि मावशीचा तानपुरा

पुण्यात जुन्या-नव्या जॅझ रेकॉर्ड घेणारे आपण मोजकेच लोक आहोत, म्हणून हे लिहितोय. माझे 6,800 रुपये गेले, निदान दुसऱ्या कुणाचे तरी जाऊ नयेत.

ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ अल्बम. माझ्याकडे त्याची 1997 ची रीमास्टर सीडी आहे, ती मी वीसेक वर्षं ऐकतोय. रेकॉर्डवर घ्यायचा असं कधीचं मनात होतं. पौड रोडला एक जण घरूनच रेकॉर्ड विकतो असं कळलं, मेसेज केला तर म्हणाला नवीन रीइश्यू (पुन्हा काढलेली आवृत्ती) आलाय, थेट मास्टर टेपवरून (स्टुडिओत भरलेल्या मूळ टेपवरून), पूर्ण अ‍ॅनालॉग (मधे डिजिटल काही नाही), स्पीडही दुरुस्त केलेला, 180 ग्रॅमची जाड रेकॉर्ड, या दादा रविवारी, तुमची सीडी पण आणा, शेजारी शेजारी लावून ऐका आणि मगच ठरवा. आता इतकं मोकळेपणानं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार?

गेलो. चहा झाला. आधी माझी सीडी लावली, मग त्याची रेकॉर्ड. रेकॉर्ड लागली आणि खरंच अंगावर काटा आला, पॉल चेंबर्सचा बास एकदम पुढे, जिमी कॉबच्या झांजा लख्ख, सीडी त्याच्यापुढे मिळमिळीत वाटायला लागली. मी तिथंच यूपीआय केलं. बिल मागितलं तर म्हणाला घरगुती आहे हो, बिल कुठलं. पैसे ज्या नावावर गेले ते नावही त्याचं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घरी आल्यावर तेवढी मजा येईना. दोन दिवस मी माझ्याच सुईला आणि केबलला दोष देत बसलो. मग मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि सीडी आणि रेकॉर्ड दोन्हींचा आवाज नॉब फिरवून सारखा केला, आणि चित्रच उलटं झालं, सीडी मोकळी आणि रेकॉर्ड बंद खोलीतून आल्यासारखी. म्हणजे त्या दिवशी रेकॉर्ड फक्त मोठ्यानं वाजत होती. हे नीट समजून घ्या, कारण दुकानात किंवा कुणाच्या घरी दोन आवृत्त्या ऐकताना सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. एक-दोन डेसिबल जास्त असला तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. सीडी प्लेअर आणि फोनो स्टेज (रेकॉर्डच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) यांचा आवाज आपोआप कधीच सारखा येत नाही, तो सारखा करूनच तुलना करायची, विकणारा नको म्हणाला तर उठायचं.

खरा प्रकार पुढेच आहे. माझी मावशी सदाशिव पेठेत गाणं शिकवते, जॅझशी तिचा काही संबंध नाही. ती घरी आलेली असताना मी पहिली बाजू लावली होती, ‘सो व्हॉट’. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हे कुठल्या पट्टीत आहे? मधेच कुठेतरी आहे बघ." मी तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनवर (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्यांचा D) लावलं, कारण ‘सो व्हॉट’ चा मुक्काम तिथंच आहे (मधे ते काळी दोनवर जातात तो भाग सोडून). जुळेना. रेकॉर्डचा सूर चढा, पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे. मला वाटलं टर्नटेबल जोरात फिरतंय. मावशी म्हणाली दुसरी बाजू लाव. ‘ऑल ब्लूज’ लावलं, तानपुरा पांढरी पाचवर, आणि बरोबर मिळालं. म्हणजे टर्नटेबल ठीक, चढी आहे ती फक्त पहिली बाजू.

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूची तीन गाणी झाली तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. 22 एप्रिलच्या सेशनला ही भानगड नव्हती. शेजारच्या राखीव मशीनवरची टेप बरोबर होती, तिच्यावरून हे 1992 च्या आवृत्तीत दुरुस्त झालं, 1997 च्या सीडीतही आहे. मग ‘स्पीड दुरुस्त केलेल्या’ रेकॉर्डची पहिली बाजू चढी कशी? एक तर वेग दुरुस्तच केला नाही, नाहीतर कुठल्यातरी जुन्या, दुरुस्तीच्या आधीच्या आवृत्तीवरून उतरवलीय.

मग हेडफोन लावून बसलो. सुरुवातीला पियानो आणि बास हळूहळू चाचपडतात ना, तिथं बारीक टक्, टक् ऐकू येतं, चार वेळा, दर 1.8 सेकंदांनी. 33⅓ च्या रेकॉर्डचा एक फेरा तेवढाच असतो, म्हणजे हा चरा. पण माझी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून पाहिली तर तिथं चराच नाही, काळी कुळकुळीत. चरा दुसऱ्याच रेकॉर्डवरचा आहे, ती वाजवून त्याच्यावरून ही छापलीय! 6,800 रुपयांना.

किचनच्या काट्यावर वजन मात्र 180 ग्रॅम भरलं. वजनाचा आणि टेपचा काही संबंध नाही. कव्हरवर ‘मेड इन ई.यू.’ आणि मास्टरिंग (रेकॉर्ड छापण्याआधीचं आवाजाचं शेवटचं काम) कुणी केलं त्याचं नाव कुठंच नाही. युरोपात 1962 पर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क संपलेला आहे, त्यामुळे तिकडे मूळ टेप हातात नसतानाही असं काही छापता येतं. चांगल्या रीइश्यूवर इंजिनिअरचं नाव असतं, ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या टोन पोएट सिरीजवर केविन ग्रेचं असतं, आणि लेबलजवळच्या गुळगुळीत कड्यात त्याची आद्याक्षरंही कोरलेली असतात. पैसे द्यायच्या आधी त्या कड्याचा फोटो मागा.

त्याला फोन केला तर आधी "तुमचा सेटअप बघा", मग "उघडलेली रेकॉर्ड परत घेत नाही", मग ब्लॉक. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, बिल नसल्यानं चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट दिलेत, अजून उत्तर नाही. परवा एका मित्राला त्याच्याकडून तोच फोटो आला, तेच ‘मास्टर टेपवरून’, भाव 7,200. तुमच्यापैकी कुणी घेतली असेल तर आज रात्री पहिली बाजू तानपुऱ्याबरोबर लावून बघा, आणि चढी निघाली तर त्याला फोन करायच्या आधी सगळे चॅट सेव्ह करून ठेवा.