स्टीप होम बेटाची सहल: रानातली पिओनी बघायची असेल तर

पिओनी या फुलझाडाचं वेड असेल आणि इंग्लंडात राहत असाल, तर वेस्टन-सुपर-मेअरहून स्टीप होम बेटावर जाणारी बोट मे महिन्यात गाठाच. सेव्हर्न नदीच्या मुखापाशी असलेल्या या चुनखडीच्या बेटावर पिओनिया मॅस्क्युला आपली आपण वाढते. 1803 साली तिची इथे पहिल्यांदा नोंद झाली. मध्ययुगात बेटावर ऑगस्टिनियन पंथाचा ख्रिस्ती मठ होता, तिथल्या लोकांनी ती औषधासाठी आणली असावी असं मानतात.

ब्रिस्टलच्या माझ्या बागेत सारा बर्नहार्ट ही पिओनीची बागेतली जात आहे. सुंदरच आहे, पण पाकळ्या इतक्या दाट की पावसाची एक सर आली की फूल पाणी धरून जमिनीला टेकतं. तिला दर वर्षी रिंगचा आधार लागतो. बेटावरचं फूल एकेरी, गडद गुलाबी, मध्ये पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका. वाकून बघितलं तर त्या पिवळ्यातून लव असलेल्या कोवळ्या शेंगा डोकावताना दिसतात. वारा भणभणत होता, तरी झाड ताठ! मला तर हीच जास्त आवडली. चुनखडीच्या उतारावर पाणी साचत नाही, आणि पिओनीला तेच हवं असतं. घरी लावतानाही कंदाचे डोळे दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नका, नाहीतर नुसती पानं येत राहतात.

झाडं थोडीच आहेत. फुलांचं शेत बघायला मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नका. बेट केनेथ ऑलसॉप मेमोरियल ट्रस्टचं आहे आणि सगळा कारभार स्वयंसेवकांवर चालतो. कोथिंबिरीच्या कुळातलं अलेक्झांडर्स नावाचं रोप बेटावर नुसतं माजलंय, त्या गर्दीत पिओनी टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटलं.

सहली मोजक्याच असतात आणि भरतीच्या वेळेवर ठरतात, म्हणून बुकिंग आधीच करा. इथल्या भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. एकदा उतरलात की परतीच्या भरतीपर्यंत बेटावरच, त्यामुळे अख्खा दिवस मोकळा ठेवा. धक्का नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरावं लागतं आणि पुढे नागमोडी चढ आहे. सिंहगड सहज चढणाऱ्याला काहीच वाटणार नाही, पण भारतातून आलेल्या आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना नेऊ नका. मे महिन्यात समुद्रपक्ष्यांची घरटी असतात, जवळ गेलात तर ते डोक्यावर झेपावतात. टोपी हवीच. चढून दमलात तर व्हिक्टोरियन काळातल्या तोफा बघत बसायला वर भरपूर जागा आहे.

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा बहराचा काळ, आणि एकेक फूल जेमतेम आठवडाभर टिकतं. त्या दिवसांतली तारीख मिळाली तरच पैसे भरा. फूल किंवा बी तोडू नका. मॅस्क्युलाची रोपं खास नर्सऱ्यांमध्ये मिळतात, आणि बियांपासून करायची असेल तर फुलासाठी चार-पाच वर्षं थांबायची तयारी ठेवा.