प्रेशर वॉशर: १४ महिन्यांचा वापर आणि तीन वेळची गळती

आमची द्राक्षबाग तासगाव भागात आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर हे प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या धारेने धुण्याचं मशीन, घेतलं. कागदावर कमाल १३० बार दाब, मिनिटाला साधारण ७ लिटर पाणी, इंडक्शन (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, पंपाचं हेड ॲल्युमिनियमचं. काम रोजचंच: फवारणी झाली की ट्रॅक्टर आणि ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणीयंत्र) धुणे. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) निळसर थर वाळून बसला की साध्या नळीने तो हलत नाही, याने पाच मिनिटांत निघतो. (रेडिएटरच्या जाळीवर मात्र जवळून मारू नका, पत्र्याच्या पात्या वाकतात. तिथे लांबूनच आणि पंखा नोझल लावून.) धुण्याच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. लिहायचं आहे ते गळतीबद्दल, कारण या १४ महिन्यांत ते तीनदा गळलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं.

पहिली गळती दुसऱ्याच महिन्यात, पाणी आत येतं त्या जोडाला. मशीन बंद असताना टपटप, चालू केलं की गळती गायब. मी निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो. पंप चालू झाला की तो पाणी ओढतो, त्यामुळे त्याच फटीतून पाणी बाहेर यायचं थांबतं आणि हवा आत जायला लागते. गनमधून धार धडधडत, तुटत येते. ही हवा पंपाला वाईट, कारण आतल्या सीलना पाण्याचाच ओलावा आणि गारवा लागतो. मी आधी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले. उपयोग शून्य. त्या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, आतला चपटा रबरी वायसर अडवतो. तो एका बाजूने दबून चिरला होता. वायसर बदलला, नळीला क्लॅम्प आवळला, विषय संपला.

टाकीवरून पाणी घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. टाकी ३ मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. मशीनला जोडायच्या नळीखाली १५ लिटरची बादली धरा. ती दीड मिनिटात भरली पाहिजे. नाही भरली तर नळी जाड घ्या.

दुसरी गळती सहाव्या महिन्यात. गन सोडली की मोटर थांबते, पण आता ती दर दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप गुर्रकन सुरू व्हायची. माझ्या मते ही खूण ओळखता आली की अर्धं काम झालं. गन बंद असताना दाब पंपाच्या एकतर्फी व्हॉल्व्हपासून गनपर्यंत कोंडून राहतो. तो कुठून तरी निसटला की मशीनला वाटतं गन दाबली, आणि मोटर लागते. म्हणजे दोष व्हॉल्व्ह, दाबाची नळी, तिचे जोड किंवा गन यांतच. बाहेर कुठेच ओल नसेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा बसलेला असतो. माझ्याकडे गनच्या जोडाशी बारीक धुकं उडत होतं.

अशा ठिकाणी बोट लावून गळती शोधू नका, हे मी कळकळीने सांगतो. एवढ्या दाबाचं पाणी कातडी भेदून आत जातं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मोठी इजा झालेली असते. असं झालंच तर मलम लावून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

जोड खोलण्याआधी प्लग काढा, पाणी बंद करा आणि गन दाबून आतला दाब सोडा. जोडातली ओ रिंग (गोल रबरी कडं) कुरतडलेली निघाली. फवारणीच्या एचटीपी (तीन पिस्टनच्या, जास्त दाबाच्या) पंपाचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात जुनी रिंग घेऊन गेलो. पहिली आणलेली रिंग घेराला बरोबर पण जाडीला किंचित जास्त होती, बसवताना चिमटली आणि दोन दिवसांत कापली. दुसऱ्या खेपेला व्हर्नियरने जाडी मोजून, टणक रबराची घेतली. ती आजही आहे.

तिसऱ्या गळतीने झोप उडवली. तेराव्या महिन्यात, वॉरंटी संपल्यावर, मशीनच्या पोटाखाली थारोळं दिसायला लागलं, तेही ऐन छाटणीनंतरच्या फवारण्यांत. सर्व्हिस सेंटरने न खोलताच पंप बदलायला सांगितलं, ३,८०० रुपये. मग मी आमचे एचटीपी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेलं. ते म्हणाले, "दादा, थेंब पडतोय कुठं ते बघू नका, निघतोय कुठनं ते बघा." त्यांनी बाहेरचं आवरण काढलं, सगळं फडक्याने कोरडं केलं, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली आणि मशीन एक मिनिट चालवलं. फक्त पंपहेड आणि ऑइलचा भाग यांच्यामधली पट्टी भिजली. गन सोडल्यावर मोटर आपोआप लागत नव्हती. म्हणजे नळीकडची बाजू ठीक, दोष पिस्टनच्या पाण्याच्या सीलमध्ये.

हेड खोललं. तीन पिस्टनपैकी एकाच्या सीलची कड झिजलेली, पिस्टनवर क्षाराचा पांढरा खरखरीत थर. आमचं बोअरचं पाणी जड आहे, शिवाय पाणी आत येतं त्या तोंडाची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती. ती मी वर्षभरात एकदाही काढून पाहिली नव्हती, हे मान्य करतो. ऑइल दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी तिकडेही गेलेलं. सीलचा किट ४५० रुपये, मजुरी ३००. क्षार व्हिनेगरच्या फडक्याने पुसला, ऑइल बदललं, हेडचे बोल्ट समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळले.

स्वतः खोलणार असाल तर प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा. वॉरंटी चालू असेल तर मात्र पाना लावू नका, त्यांनाच बोलवा.

पुन्हा घ्यायचं झालं तर इंडक्शन मोटरचंच घेईन, पण हेड पितळेचं आणि सील सुटे मिळतात का हे दुकानातच विचारून. पाण्याच्या तोंडाला आता बाहेरून वेगळा फिल्टर लावला आहे. जाळी दर रविवारी धुतो.

सध्या पोटाखालून मिनिटाला एखादा थेंब पडतो. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत मिनिटाला तीन थेंब चालतात असं लिहिलं आहे. दर महिन्याला घड्याळ लावून मोजतो आणि आकडा फवारणीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.