जुन्या अपराइट पियानोचे हॅमर: घासायचे, फेल्ट बदलायचं की नवीनच टाकायचे?

जुना अपराइट (उभ्या तारांचा) पियानो पत्र्यासारखा वाजायला लागला की लगेच सगळे म्हणतात हॅमर (तारेवर आपटणारे, फेल्ट म्हणजे दाबलेल्या लोकरीनं मढवलेले लाकडी हातोडे) बदल, पण जरा थांबा, आधी अॅक्शन (की दाबली की हॅमर हलवणारी यंत्रणा) बाहेर काढून सगळ्यात उजवीकडचे, वरच्या सुरांचे हॅमर बघा. तिथं फेल्ट मुळातच पातळ असतं, त्यामुळे निम्मा निर्णय तिथंच होतो. तारांवर आपटून पडलेल्या खाचांखाली बऱ्यापैकी फेल्ट उरलं असेल तर घासा. लाकूड डोकावतंय किंवा कसर लागलीय, तर घासण्यात काही अर्थ नाही.

घासणं स्वस्त, शिवाय मूळ आवाजही बराचसा टिकतो. सॅंडपेपर पातळ पट्टीवर चिकटवायचा आणि हॅमरच्या खांद्याकडून (बाजूच्या उताराकडून) तारेला लागणाऱ्या टोकाकडे घासत यायचं, कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटला पाहिजे, टोकावर आडवंतिडवं घासलं की हॅमर चपटा झालाच म्हणून समजा. घासून हॅमर आखूड होतो, म्हणजे तारेपर्यंतचं अंतर (साधारण 45 मिमी लागतं) वाढतं, मग रेस्ट रेल (हॅमर मागे टेकतात ती पट्टी) तारांकडे पुढे घ्यायची, त्यानं कीमध्ये जो ढिलेपणा येतो तो कॅपस्टन (कीच्या मागच्या बाजूचा, अॅक्शन उचलणारा स्क्रू) फिरवून काढायचा. हे लोक सोडून देतात आणि मग की पोकळ लागते म्हणून कुरकुरतात.

जुन्याच लाकडावर नवं फेल्ट चढवून घेणं हा मधला मार्ग. हॅमरमधली दांडी बसवायची भोकं, कोन सगळं जुनंच राहतं हा मोठा फायदा, पण लाकूड धड हवं आणि हे काम करणारे मोजकेच, घरी जमणारं नाही हे.

नवीन सेट घेतलात तर खरी कटकट भोकांची. बेसच्या (खालच्या सुरांच्या) तारा तिरक्या जातात म्हणून तिथले हॅमरही शँकवर (हॅमरच्या दांडीवर) तिरके बसतात, कोन जरा चुकला की शेजारची तारही वाजते. म्हणून प्रत्येक सेक्शनच्या (तारांच्या गटाच्या) दोन्ही टोकांचे जुने हॅमर नमुना म्हणून द्या आणि भोकं पाडूनच मागवा. जड फेल्टच्या मोहात पडू नका, अपराइटमध्ये हॅमर जवळपास उभाच असल्यानं दाबताना फरक कमी कळतो, पण परत यायला तो आळशी होतो आणि भरभर वाजवताना सूर गळतात. वर सुया टोचून व्हॉइसिंग (फेल्ट मऊ करून आवाज जुळवणं) आलंच, नवं फेल्ट सहसा कर्कश असतं.

माझं मत, फेल्ट उरलंय तर आधी घासूनच बघा. आणि ट्यूनिंगच्या खुंट्या सैल असतील तर पैसे आधी तिकडे घाला, सूरच टिकत नसेल तर नवे हॅमर घेऊन काय करणार?