भाड्याने आलेली कबड्डीची मॅट

कापसाची वेचणी ओसरू लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावी कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे फलक लागतात, आणि अलीकडे त्या फलकांवर बक्षिसाच्या रकमेखाली ‘सामने मॅटवर होतील’ ही ओळ ठळक अक्षरांत असते. आमच्या मंडळानेही यंदा तालुक्याच्या गावाहून मॅट भाड्याने आणली. ती पुरवणारा गृहस्थ स्वतः जुना खेळाडू आहे. गुडघा गेल्यामुळे खेळ सुटला, तेव्हा त्याने कर्ज काढून मॅट घेतली आणि आता गुणफलक, घड्याळ व भोंग्यासह सगळा सरंजाम पिकअपमध्ये घालून तो गावोगाव फिरतो.

या सेवेची खरी पारख मॅट अंथरतानाच होते. आमच्याकडची काळी जमीन वाळली की भेगाळते. तिच्यावर मॅट तशीच टाकली तर सांधे उचकटतात आणि चढाई करणाऱ्याच्या पायाचा अंगठा नेमका तिथे अडकतो. मैदानाला पाणी मारून रूळ फिरवून ठेवा, हे त्याने आधीच कळवले होते. ‘भाऊ, ताडपत्री टाकल्याबिगर मी मॅट आंथरत नाही,’ असे म्हणून त्याने आमची घाई मोडून काढली. मीटरभर लांबी-रुंदीचे दातेरी तुकडे एकमेकांत बसवून १३ बाय १० मीटरचे मैदान तयार झाल्यावर तो गुडघ्याच्या दुखण्यासकट खाली बसला, प्रत्येक सांधा तळहाताने दाबत पुढे सरकला आणि दाते झिजलेले तुकडे काढून कडेला, खेळाबाहेरच्या पट्ट्यात, टाकले. एवढी काळजी घेणारे भाड्याच्या धंद्यात थोडेच.

हा धंदा गावापर्यंत पोहोचला त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात दूरचित्रवाणीवरच्या कबड्डीला द्यावे लागेल. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते, म्हणजे खेळ आमच्या मुलुखाला नवा नव्हता. नवा होता तो त्यात पैसा घालणारा. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा मुंबईचा ‘यू मुंबा’ संघ घेणारे रॉनी स्क्रूवाला हे केबल टीव्ही आणि टूथब्रशच्या व्यवसायांतून वर आलेले, ‘यूटीव्ही’ उभी करून २०१२ मध्ये डिस्नेच्या हवाली केलेले उद्योजक होते. घरात बसलेला माणूस काय पाहील हे ओळखण्यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यामुळे क्रिकेट सोडून मातीतल्या खेळावर त्यांनी लावलेला डाव मला वेडेपणाचा वाटत नाही. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हार झाली. २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने बंगळुरूला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळवले. पुढे आमच्या पोरांनाही तीस सेकंदांची चढाई, ‘सुपर टॅकल’ (तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी चढाई करणाऱ्याची केलेली पकड) आणि मॅट याखेरीज कबड्डी अपुरी वाटू लागली. आमच्या मॅटवाल्याचा हिशेब तोच आहे, फक्त स्क्रूवाला यांना एखादा हंगाम तोट्यात काढता येतो आणि याला अवकाळी पावसाने बुडालेले दोन सामने सुद्धा हप्त्याच्या तारखेला आठवतात.

असे असले तरी दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. रात्री दहानंतर दहिवर पडू लागते आणि मॅट निसरडी होते. पुसण्यासाठी त्याने दिलेली फडकी पहिल्या दोन सामन्यांतच चिंब झाली आणि मग मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरची जुनी लुगडी आणून वेळ निभावली. रात्रीच्या सामन्यांसाठी भाडे घेणाऱ्याने एवढी तयारी स्वतःच ठेवायला हवी. दुसरी उणीव मला अधिक खटकली. मुलींच्या सामन्यांसाठी मैदान १२ बाय ८ मीटरचे लागते आणि निदान रेषाही (चढाई करणाऱ्याने ओलांडायची रेषा) मध्यरेषेपासून पावणेचार मीटरऐवजी तीन मीटरवर येते, पण त्याच्याजवळ रेषांची चिकटपट्टी फक्त पुरुषांच्या मापापुरती होती. पट्टी आणायला माणूस तालुक्याला धावला आणि मुली गणवेशात ताटकळत बसल्या. या सामन्यांना प्रेक्षकांची गर्दी खुल्या गटाइतकीच होती, हे त्याने धंद्याच्या दृष्टीने तरी ध्यानात घ्यावे.

भाडे मात्र वाहतुकीसह जे ठरले तेच घेतले, आणि सामने लांबले म्हणून वाढीव मागणी केली नाही. अनवाणी खेळणाऱ्यांची कातडी मॅटवर सोलली जाते, म्हणून बूट घालण्याची सूचना संघांना आधीच द्यावी, हे आयोजकांचे काम आहे. जवळपासच्या मंडळांनी ही मॅट जरूर बोलवावी. मुलींच्या मैदानाची पट्टी आणि कोरड्या फडक्यांचा गठ्ठा सोबत आणण्याची अट मात्र बयाणा देतानाच घालावी.