आखाजीचं गिऱ्हाईक कुठून आलं? चॅनलचे नियम लिहिण्याच्या चार जागांची तुलना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे अनेक घरगुती उद्योग आता स्वतःच्या वेबसाइटवरून काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स विकतात. त्यांचं गूगल ॲनालिटिक्स उघडलं की बहुधा ‘डायरेक्ट’ हा चॅनल, म्हणजे गिऱ्हाईक येण्याची वाट, फुगलेला दिसतो. लोक पत्ता पाठ करून येतात म्हणून तो फुगत नाही. सुरतेला उधना-लिंबायतकडे स्थायिक झालेले, पुण्या-नाशकात नोकरीला गेलेले आपले लोक गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आलेली लिंक दाबतात. ॲपमधून उघडलेली अशी लिंक सहसा आपण कुठून आलो ते सांगत नाही, आणि स्रोत न कळलेली भेट डायरेक्टमध्ये पडते. मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पैसे इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत घालायचे की ग्रुपवर रोज उत्तरं देणाऱ्या माणसाच्या पगारात, हे अंदाजानेच ठरतं.

यावर उपाय म्हणजे चॅनल ओळखण्याचे नियम. ते लिहायच्या जागा चार: जीए४ (गूगल ॲनालिटिक्सची सध्याची आवृत्ती) मधला चॅनलांचा तयार गट, जीए४ मध्येच आपण केलेला गट, बिगक्वेरी (गूगलची मोठा डेटा साठवून तपासायची सेवा) आणि मटोमो (ॲनालिटिक्सचंच दुसरं साधन). अडोबी ॲनालिटिक्समध्येही चॅनलचे नियम उत्तम करता येतात, पण ते मोठ्या कंपन्यांच्या खर्चाचं काम आहे, म्हणून इथे घेतलेलं नाही.

निवड करताना मी सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतो: आज नियम बदलला तर मागच्या महिन्यांचे आकडेही नव्या नियमाने दिसतील का? छोट्या व्यवसायात नियम पहिल्या खेपेला बरोबर बसत नाहीत. कानबाईच्या सणाच्या वेळी नवा पुरवठादार नवीन लिंक फिरवतो, दिवाळीत कोणी पाकिटावर क्यूआर कोड छापतो. जिथे जुने आकडे सुधारता येत नाहीत, तिथे दोन सणांची तुलनाच होऊ शकत नाही.

पण चारही जागांना लागू असलेली एक अट आधी. लिंकवर टॅग, म्हणजे तिच्या शेवटी जोडलेली स्रोताची खूण, नसेल तर कुठलाच नियम काही ओळखू शकत नाही. व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या, पाकिटावर छापायच्या, बसस्थानकाजवळच्या फलकावर लावायच्या प्रत्येक लिंकला यूटीएम या टॅगचे सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या मार्गाने) आणि कॅम्पेन (कोणत्या मोहिमेतून) हे तिन्ही भाग हवेत. ते रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं वापरून लिहा. एकाने मोठ्या अक्षराने सुरुवात केली आणि दुसऱ्याने छोट्या, तर अहवालात एकाच व्हॉट्सॲपच्या दोन ओळी होतात. देवनागरी टॅग चालतो, पण शेअर करताना लिंक टक्क्यांच्या चिन्हांनी इतकी लांबते की लोक ती दाबायला कचरतात. आणि स्वतःच्या साइटच्या आतल्या बॅनरला यूटीएम कधीच लावू नका, त्यामुळे गिऱ्हाइकाचा खरा स्रोत झाकला जातो. टॅगची यादी एका शीटमध्ये ठेवा आणि ती वाढवायचा अधिकार एकाच माणसाकडे असू द्या.

जीए४ चा तयार गट

काहीच न करता मिळतो आणि फुकट आहे. गूगल सर्च, फेसबुकवरची साधी पोस्ट, गूगल ॲड्स, ईमेल हे तो चांगलं ओळखतो. मीडियममध्ये ‘सोशल’ लिहिलं की भेट ऑरगॅनिक सोशलमध्ये (जाहिरातीविना सोशल मीडियावरून आलेल्यांत) जाते, ‘ईमेल’ लिहिलं की ईमेलमध्ये, ‘अफिलिएट’ लिहिलं की अफिलिएट्समध्ये. त्यात एसएमएस आहे, मोबाइल पुश आहे, ऑडिओसुद्धा आहे. व्हॉट्सॲपचा स्वतंत्र चॅनल मात्र नाही आणि क्यूआर कोडचाही नाही. सोर्समध्ये ‘पॅकेट’ आणि मीडियममध्ये ‘क्यूआर’ असा टॅग लावला तर तो कुठल्याच नियमात बसत नाही आणि ‘अनअसाइन्ड’मध्ये जातो. या गटाचे नियम आपल्याला बदलता येत नाहीत.

ज्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः गूगलवरून येतं, उदाहरणार्थ एखादं हॉटेल किंवा दवाखाना, त्यांना एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर धंदा उभा असलेल्यांना पुरत नाही.

जीए४ मध्येच स्वतःचा गट

बहुतेकांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. ही सोय २०२३ मध्ये आली. साध्या (फुकटच्या) प्रॉपर्टीत, म्हणजे साइटच्या जीए४ खात्यात, तयार गटाशिवाय आणखी २ गट करता येतात आणि एका गटात २५ चॅनल बसतात. आपल्या उद्योगाला दहा-बाराच्या वर चॅनल लागत नाहीत. आणि मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘हो’ आहे: गट आज केला तरी मागचे अहवाल नव्या नियमाने दिसतात. अट एवढीच की तेव्हाच्या लिंकांवर टॅग असायला हवेत.

खरी मेहनत नियमांच्या क्रमात आहे. भेट वरून खाली तपासली जाते आणि पहिल्या जुळणाऱ्या चॅनलात थांबते, डाळ मिलमधल्या एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांसारखी. म्हणून अरुंद नियम वर आणि रुंद नियम खाली. व्हॉट्सॲपचा नियम ऑरगॅनिक सोशलच्या वर हवा, नाहीतर मीडियममध्ये ‘सोशल’ लिहिलेली प्रत्येक व्हॉट्सॲप लिंक सोशलच गिळेल. क्यूआर कोडचे दोन भाग करा: पाकिटावरचा कोड जुनं गिऱ्हाईक स्कॅन करतं, फलकावरचा नवं. दोन्ही एकत्र मोजले तर फलकाचे पैसे वसूल झाले की नाही कळत नाही. चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी यांसारख्या सहाय्यकांकडून येणाऱ्यांसाठी चॅनल करायचा असेल तर तो रेफरलच्या (दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून येणाऱ्यांच्या चॅनलच्या) वर ठेवा.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, रेगेक्सची (मजकुराचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीची) जुळणी. नियमात ‘मॅचेस रेगेक्स’ निवडलं की पूर्ण नाव जुळावं लागतं. फेसबुकवरची भेट अहवालात अनेकदा फेसबुकच्या पत्त्याच्या आधी ‘एल’ किंवा ‘एम’ लागलेल्या नावाने येते, मग नुसतं फेसबुक लिहिलेला नियम तिला पकडत नाही. अशा वेळी ‘कंटेन्स’ (नावात तो शब्द असला की पुरे) वापरा. दुसरं, पेमेंट गेटवे. पैसे भरायला गिऱ्हाईक त्याच्या पानावर जातं आणि परत येतं, तेव्हा ऑर्डरचं श्रेय गेटवेला मिळून ती रेफरलमध्ये दिसू शकते. हे चॅनलच्या नियमांत दुरुस्त करू नका. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंग्जमध्ये ‘अनवाँटेड रेफरल्स’ची यादी आहे, तिथे गेटवेचं डोमेन घाला.

कमतरता अशी की नियम सोर्स, मीडियम, कॅम्पेन अशा गोष्टींवरच बांधता येतात. ‘जो भरीत वांग्याच्या पानावर उतरला तो अमुक चॅनल’ असं इथे लिहिता येत नाही. गट करायला एडिटरचा अधिकार लागतो, तो एजन्सीने स्वतःकडेच ठेवला असेल तर आधी मागून घ्या.

बिगक्वेरी

इथे नियम म्हणजे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं ‘केस व्हेन’ (असं असेल तर तसं). लँडिंग पान (गिऱ्हाईक आधी उतरलं ते), ऑर्डरचा पिनकोड, कूपन, सगळं नियमात घेता येतं. कच्चा डेटा जसाच्या तसा राहत असल्याने नियम हवे तितक्या वेळा बदला, मागचं सगळं नव्याने मोजता येतं. तीन-चार साइट चालवणाऱ्या एजन्सीला किंवा दुकानातली बिलं आणि ऑनलाइन ऑर्डरी एकत्र पाहणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

पण काम जाणत्या माणसाचं आहे. जीए४ च्या निर्यातीत ‘ट्रॅफिक सोर्स’ नावाचा रकाना गिऱ्हाईक पहिल्यांदा कुठून आलं ते सांगतो, या भेटीत कुठून आलं ते नाही. तो घेऊन चॅनल काढले तर गेल्या वर्षी जाहिरातीवरून आलेलं गिऱ्हाईक या वर्षीही जाहिरातीचंच दिसत राहतं. भेटीसाठीचे रकाने वेगळे आहेत. खर्चाचं म्हणाल तर साध्या प्रॉपर्टीची रोजची निर्यात १० लाख इव्हेंटपर्यंत (पान उघडणं, बटण दाबणं अशा नोंदी) होते आणि सँडबॉक्स (बिगक्वेरीची बिलिंगविना वापरायची सोय) फुकट आहे, पण सँडबॉक्समधली टेबलं ६० दिवसांनी पुसली जातात. दोन आखाजी जोडून पाहायच्या असतील तर बिलिंग चालू करावंच लागतं.

आणखी एक गोष्ट निर्णयाआधीच लक्षात घ्या: जीए४ ची जोडणी करण्याआधीचा डेटा बिगक्वेरीत येत नाही. पुढच्या वर्षी एसक्यूएल जाणणारा माणूस मिळण्याची शक्यता असेल तर जोडणी आजच करून ठेवा, नियम नंतर लिहिता येतील.

मटोमो

ओपन सोर्स आहे, २०१८ पर्यंत पिविक नावाने ओळखलं जायचं. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालणाऱ्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, म्हणून डेटा बाहेर जात नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानंतर सभासदांची माहिती सांभाळणाऱ्या पतपेढ्या आणि शिक्षणसंस्था यांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि तो रास्त आहे.

चॅनलच्या बाबतीत मात्र मटोमो अंगाला घट्ट आहे. डायरेक्ट, सर्च, वेबसाइट, सोशल, कॅम्पेन यांसारखे प्रकार ठरलेले असतात. यूटीएम असलेली भेट, मग ती व्हॉट्सॲपची असो वा ईमेलची, ‘कॅम्पेन’मध्येच जाते. आत सोर्स आणि मीडियमनुसार फोड पाहायला मार्केटिंग कॅम्पेन्स रिपोर्टिंग हे फुकट प्लगइन बसवावं लागतं. प्रकार भेट नोंदवतानाच ठरतो, त्यामुळे मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे जवळजवळ ‘नाही’ आहे. विक्री वाढवण्यासाठी चॅनल मोजायचे असतील तर मी मटोमो सुचवणार नाही. डेटा आपल्याच ताब्यात हवा ही पहिली अट असेल तर मात्र हीच निवड योग्य.

जीए४ मध्ये स्वतःचा गट करणार असाल तर सणाच्या दीड-दोन महिने आधी करा, म्हणजे चाचणीला वेळ मिळतो. प्रत्येक टॅग केलेली लिंक स्वतःच्या फोनवरून, खऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून उघडा आणि दोन दिवसांनी अहवालात ती कुठल्या चॅनलात पडली ते पाहा. निकाल वाचताना एवढं ध्यानात असू द्या की जीए४ भेटीचं श्रेय शेवटच्या डायरेक्ट नसलेल्या स्रोताला देतं. व्हॉट्सॲपवरून आलेलं गिऱ्हाईक आठवड्याने पत्ता टाइप करून परत आलं तरी ती भेट व्हॉट्सॲपच्याच खात्यात दिसेल. त्यानंतर दर आठवड्याला फक्त अनअसाइन्ड उघडा. तिथे नवीन सोर्स-मीडियमची जोडी दिसली, तर कोणीतरी यादीबाहेरचा टॅग फिरवतो आहे. त्याला शोधून टॅग यादीत आणा आणि त्यासाठीचा नियम योग्य जागी घाला.